पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज



मागच्या लेखात कबूल केलं होतं की पुढच्या वेळी आयंबिलच्या ओळीत काय काय करता येतं ते लिहीन. ते राहू दे, ओळीच्या आधी नक्की लिहिते. आज एका वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायचंय. आमच्या घरात तीन महिने त्यावरून धुसफूस चालली आहे, आणि मला वाटतं तुमच्यातल्या ज्यांच्या घरी दुकान आहे, त्यांच्याकडेही आज ना उद्या हा विषय निघणार आहे.

माझ्या मुलाला पिस्तूल घ्यायचं आहे.

आधी काय झालं ते सांगते. आमचं सराफीचं दुकान लहान आहे. मोठ्या पेढ्यांसारखा दारात बंदूकवाला नाही. दिवाळीनंतर एका संध्याकाळी मुलगा बँकेत गेला होता, गल्ल्यावर हे आणि सूनबाई दोघंच. तीन पोरं आली. मिसरूड फुटलेली, एकाच्या तोंडात मावा. कुठल्याशा मंडळाची वर्गणी मागितली, पंचवीस हजार. यांनी पाचशे एक रुपये काढून दिले तर एकाने शर्ट वर करून कमरेला लावलेल्या कोयत्याची मूठ दाखवली. "काका, शनिवारी येतो," म्हणाला आणि गेले. काका म्हणाला, बघा. शिवी नाही, आरडाओरडा नाही.

पोलिसांना फोन केला. यायला पाऊण तास लागला. आले ते दोघे बिचारे सकाळपासून कुठल्यातरी बंदोबस्तात उभे होते, पाणी मागून प्यायले. दुसऱ्या दिवशी तक्रार द्यायला मुलगा गेला तर दोन तास बसून राहिला. पुढे त्यातली दोन पोरं सापडली, एक तर सतरा वर्षांचा निघाला. शनिवारी कोणी आलं नाही. पण यांची झोप गेली ती गेलीच. सूनबाई आता दुकानात बसायला नको म्हणते, आणि हिशोबात ती माझ्यासारखीच पक्की आहे हो, तिच्यावाचून दुकानाचं अडतं.

त्याच आठवड्यात मुलाने परवान्याचा अर्ज छापून आणला.

त्याचं म्हणणं मी आधी नीट मांडते, कारण ते मूर्खपणाचं नाही. तो म्हणतो, मम्मी, जानेवारी २०२४ मध्ये कोथरूडच्या सुतारदऱ्यात भरदिवसा गोळ्या झाडून एकाला मारलं. त्याच वर्षी १ सप्टेंबरला नाना पेठेत माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांच्यावर गोळ्या आणि कोयते दोन्ही चालले. ऑक्टोबरमध्ये बोपदेव घाटात त्या मुलीवर काय गुदरलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटच्या एसटी स्टँडवर पहाटे शिवशाहीत बलात्कार झाला, आणि पोलिस ठाणं तिथून हाकेच्या अंतरावर. ठाण्याच्या दारात ही गत, तर आपल्याकडे पाऊण तासाने येणाऱ्यांच्या भरवशावर पप्पांना बसवायचं का? कायद्याने मिळतंय तर का घ्यायचं नाही?

याला उत्तर देताना मी पहिल्या दिवशी नुसतीच "आपण जैन आहोत" म्हणाले. तो हसला. म्हणाला, चामुंडराय जैन नव्हता? श्रवणबेळगोळचा बाहुबली ज्याने उभा केला तो सेनापतीच होता ना? मला बोलता आलं नाही. मग ठरवलं, नुसतं नाही म्हणायचं नाही, हा विषय समजून घ्यायचा. बी. कॉम. झाले त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली, पण कागद वाचायची सवय अजून आहे.

पहिली गोष्ट ही कळली की आपल्याकडे शस्त्र हा हक्क नाही, परवानगी आहे. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली, गोऱ्यांना मात्र सूट होती. गांधीजींना तो कायदा फार डाचायचा. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगायचा हक्कही घातला होता. पण घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत आणायचा प्रयत्न केला तेव्हा तो मान्य झाला नाही. बाबासाहेबांनी विरोध केला. असा हक्क सरसकट सगळ्यांना दिला तर तो गुन्हेगारालाही मिळेल, असा त्यांचा साधा व्यवहारी मुद्दा होता. अमेरिकेने उलट रस्ता धरला. तिथे आज माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत.

आपल्याकडे चालतो तो १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम. पुण्यात अर्ज पोलिस आयुक्तांकडे जातो. पोलिस चौकशी करतात, डॉक्टरचा दाखला लागतो, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, घरात सुरक्षित कुलपात ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. परवाना पाच वर्षांचा असतो. कागदावर सगळं चोख आहे.

पण कागदाच्या पलीकडे बघितलं की वेगळं दिसतं. सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाल्यावर बीडचे आकडे बाहेर आले. एका जिल्ह्यात बाराशेहून जास्त परवाने, आणि शेजारच्या परभणीत बत्तीस. बीडमध्ये काय इतके सराफ आहेत? आपल्या पुण्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये गाजलं ते प्रकरण आठवतं ना, पोलिसांनी एका कुख्यात गुंडाच्या भावाचा परवाना नाकारला होता आणि अपिलात गृहराज्यमंत्र्यांनी तो द्यायचा आदेश काढला. मंत्री म्हणाले नियमात बसवूनच केलं. असेलही. पण मग माझ्या मुलाच्या रांगेत त्याच्या पुढे कोण उभं आहे, हे मला दिसायला लागलं. आणि खरं सांगू का, परवाना मिळालेल्यांपैकी कितीजण लग्नात सफारीखाली कमरेला फुगवटा ठेवून फिरतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यांना भीती वाटते म्हणून ते फिरत नाहीत.

बरं, परवान्याच्या पिस्तुलाचं होतं काय? आठवून बघा. २०२४ च्या फेब्रुवारीत उल्हासनगरच्या पोलिस ठाण्यातच आमदार गणपत गायकवाड यांनी गोळ्या झाडल्या. आपल्या मुलाला तिथे धक्काबुक्की होत होती म्हणून झाडल्या, असं त्यांनीच वाहिनीला सांगितलं. बाप होते, शस्त्र जवळ होतं, समोर पोलिस होते. त्यानंतर आठवडा उलटायच्या आत मुंबईत अभिषेक घोसाळकर यांना ज्या पिस्तुलाने मारलं, ते मारणाऱ्याच्या अंगरक्षकाचं परवान्याचं होतं. राखणदाराचं हत्यार मालकाने वापरलं. मुळशीतला तो व्हिडिओ तर तुम्ही दहा वेळा बघितला असेल. मनोरमा खेडकर बाई हातात पिस्तूल घेऊन जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर उभ्या आहेत. परवाना त्यांच्या नावावर होता. जुलै २०२४ मध्ये त्यांना अटक झाली. बायकांच्या हातात शस्त्र आलं की बायका सुरक्षित होतात असं म्हणणाऱ्यांना मी तो व्हिडिओ दाखवते.

बायकांसाठीच म्हणून २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्वर काढलं होतं, दिल्लीच्या त्या मुलीची आठवण म्हणून. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. दागिन्याच्या डबीसारख्या मखमली डबीत यायचं म्हणे. मी सराफाची बायको, डबीचं महत्त्व मला कळतं, पण ते वाचून हसावं की रडावं कळेना. रात्री बसची वाट बघणारी मुलगी सव्वा लाखाची डबी आणणार कुठून?

मुलाला मी एक प्रश्न विचारला. त्या संध्याकाळी गल्ल्यात पिस्तूल असतं तर पप्पांनी काय केलं असतं? पोराने मूठ दाखवली, कोयता काढला नव्हता. यांनी पिस्तूल काढलं असतं तर एकतर त्या पोराने झडप घातली असती, नाहीतर यांनी गोळी झाडली असती. सतरा वर्षांच्या पोरावर. आता भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाची आहेत. त्यात हक्क दिलाय, पण गरजेपुरता. नुसती धमकी देऊन, शनिवारी येतो म्हणून पाठ फिरवलेल्या माणसावर गोळी झाडायला कायदा सांगत नाही. मदत मागायला सवड असेल तर ती मागायची, असंही कायदाच म्हणतो. म्हणजे ज्या प्रसंगाला भिऊन हे घ्यायचं, नेमका त्याच प्रसंगात ते वापरलं तर आमचा माणूस आत.

आणि एप्रिल २०२५ मध्ये धायरीत सराफी दुकान लुटलं, तेव्हा चोरांच्या हातातलं पिस्तूल खेळण्यातलं निघालं. हे वाचून मी दोन दिवस सुन्न होते. समोरून खेळणं आणि इकडून खरी गोळी, असं झालं असतं तर? सोनं गेलं तर त्याला विमा आहे. ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसी आमची दरवर्षी वेळेवर भरलेली असते, त्याचा हिशोब मीच ठेवते. झाडलेल्या गोळीला कुठली पॉलिसी आहे?

आणखी एक गंमत. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बहुतेक परवानेवाल्यांना आपलं शस्त्र पोलिसांकडे जमा करावं लागतं. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशी दोनदा ही वेळ आली. गावात हवा तापते त्या दिवसांत तुमचं पिस्तूल ठाण्याच्या कपाटात. मुलाला हे माहीतच नव्हतं.

आता जे लिहिणार आहे ते यांना विचारूनच लिहितेय. "लिही," म्हणाले, "कोणाला तरी उपयोग होईल."

एप्रिल २०१३ मध्ये सोनं दोन दिवसांत कोसळलं होतं, आठवत असेल. गिऱ्हाइकांची दुकानांपुढे रांग लागली, पेपरात फोटो आले. पण ज्यांनी आधीच्या चढ्या भावात कर्ज काढून माल भरला होता, त्यांच्या घरात काय चाललं होतं त्याचे फोटो आले नाहीत. आमच्याकडे वह्या मी बघत होते. आकडा मला ठाऊक होता आणि यांनाही. हे बोलायचे बंद झाले. रात्री दोन वाजता गॅलरीत खुर्चीवर बसलेले असायचे. एकदा मी जाऊन शेजारी बसले तर म्हणाले, "माझ्या विम्याचे किती येतील गं?" त्यांनी तो प्रश्न हिशोब विचारावा तसा विचारला. मी कॉमर्सची पदवीधर, मला एका क्षणात कळलं हा कसला हिशोब आहे.

त्या रात्रीपासून मी त्यांना एकटं सोडलं नाही. दिराला सांगितलं, तो आमच्याकडे झोपायला यायचा. गच्चीच्या दाराला कुलूप लावलं, झोपेच्या गोळ्या माझ्या पेटीत ठेवल्या. डॉक्टरकडे नेलं, चार महिने औषध चाललं. हळूहळू गाडी रुळावर आली. आज हे नातवाला सायकल शिकवतात. पण तेव्हा दुकानाच्या गल्ल्यात किंवा आमच्या कपाटात परवान्याचं, भरलेलं, रीतसर पिस्तूल असतं तर? गोळ्या लपवायला मला वेळ मिळाला. माणसाचा तो एक वाईट तास निघून जायला वेळ मिळाला. पिस्तूल तेवढा वेळ देत नाही. अमेरिकेत बंदुकीने जेवढे लोक मरतात, त्यांतले निम्म्याहून जास्त स्वतःच्या हाताने मरतात. हे मी वाचलं तेव्हा मला आमची गॅलरी आठवली. आणि जुलै २०२३ मध्ये बाणेर भागात एका सहायक पोलिस आयुक्तांनी पत्नीला आणि पुतण्याला गोळ्या घालून स्वतःला संपवलं, ते तर शस्त्राचं शिक्षण घेतलेले, वर्दीतले.

मुलाला २०१३ चं हे काहीच माहीत नव्हतं. तेव्हा तो कॉलेजात होता, आम्ही कळू दिलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो उठून आत गेला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मग धर्माचं. चामुंडरायाचं उत्तर मला स्थानकात सापडलं. गृहस्थाला विरोधी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे आपल्याकडे कधीच नाकारलेलं नाही. घरावर चालून आला तर श्रावक हात बांधून बसत नाही. पण त्याच श्रावकाच्या बारा व्रतांतलं आठवं अनर्थदंडाचं. त्यात हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं हा दोष सांगितलाय, हिंसादान. प्रतिक्रमणात आपण तो दर पक्खीला म्हणून जातो. आणि त्याच व्रताचा एक अतिचार आहे, संयुक्ताधिकरण. म्हणजे साधन जोडून, तयार ठेवणं. उखळ आणि मुसळ एकत्र ठेवू नये, धनुष्याला बाण लावून ठेवू नये. लहानपणी वाटायचं, उखळ-मुसळाने काय होतंय! आता वाटतं, ज्यांनी हे सांगितलं त्यांनी माणसाचा राग आणि माणसाची निराशा किती जवळून बघितली असेल. भरलेलं पिस्तूल म्हणजे संयुक्ताधिकरण नाही तर काय? सैन्यातला माणूस, पोलिस, त्यांचं कर्तव्य वेगळं. आपल्या उशाखाली ते आणायचं कारण मला सापडलं नाही.

पण मग यांना पाऊण तासाच्या भरवशावर बसवायचं का, हा मुलाचा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि तो बरोबर आहे. माझा राग त्या दोन पोलिसांवर नाही. गणपती, पालखी, निवडणुका, नेत्यांचे दौरे, सगळ्याला तीच माणसं. २०२४ मध्ये पुण्याला आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, फुरसुंगी, वाघोली, काळेपडळ अशी सात नवी ठाणी मिळाली, चांगलं झालं, पण पाटी लावून ठाणं होत नाही, माणसं लागतात. आणि गावठी कट्टे येतात कुठून ते बघा. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिस मध्य प्रदेशातल्या उमर्टी गावापर्यंत गेले आणि पिस्तुलं बनवायच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. मला विचाराल तर असा एक छापा माझ्या मुलाच्या शंभर परवान्यांपेक्षा आमच्या दुकानाला जास्त उपयोगाचा आहे. पण छापे सातत्याने पडायला हवेत, आणि ते पडावेत म्हणून विचारणारं कोणी हवं. आपण विचारत नाही. आपण मंदिराला, स्थानकाला, गोशाळेला देणगी देतो, आणि पोलिस ठाण्याची पायरी चढायला घाबरतो. मी पासष्ट वर्षांत एकदाही चढले नव्हते.

मागच्या महिन्यात चढले. गल्लीतल्या आम्ही सहाजणी गेलो. मेडिकलवाली, झेरॉक्सवाली, भाजीवाल्या मावशी, डेअरीवाल्यांची सून, मी आणि माझी सूनबाई. साध्या कागदावर मागणी लिहून नेली, संध्याकाळी सात ते दहा गस्त हवी आणि आमच्या भागाचं काम बघणाऱ्या हवालदारांचा नंबर हवा. साहेबांनी आधी बाहेर बसवलं, मग बोलावलं, आणि कागदावर शिक्का देऊन पोच दिली. पोच घ्यायचीच हं, विसरू नका. नंबर मिळाला. गस्तीची गाडी आठवड्यातून तीन-चार दिवस येते, रोज येत नाही. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी भाजीवाल्या मावशी फोन लावतात, त्यांना कोणाचीच भीड नाही. दुकानांनी मिळून कोपऱ्यावर चांगला कॅमेरा बसवला, खर्च वाटून घेतला. आमच्या गल्ल्याखाली धोक्याचं बटण बसवलं, ते दाबलं की शेजारच्या चार दुकानांत घंटा वाजते. कॅमेऱ्यातला आमचा वाटा आणि बटण मिळून खर्च किती झाला, तर रिव्हॉल्वरच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाएवढाही नाही. वहीत लिहून ठेवलाय.

सूनबाई पुन्हा दुकानात बसते, पण संध्याकाळी सातपर्यंतच. सातनंतर नको म्हणते आणि मी आग्रह करत नाही.

अर्ज मुलाने फाडलेला नाही. भरलेलाही नाही. खालच्या ड्रॉवरमध्ये विम्याच्या पॉलिसीखाली ठेवलाय. परवा पॉलिसी काढताना तो हाती लागला, मी होता तसाच परत ठेवला. तुमच्या घरात असा अर्ज आला असेल, किंवा प्रत्यक्ष शस्त्रच असेल, तर मला जरूर कळवा. ते कुठे ठेवता, किल्ली कोणाकडे असते, घरातल्या बायकांना त्याबद्दल कोणी विचारलं होतं का, हे मला ऐकायचंय.

आयंबिलचं पुढच्या वेळी नक्की.